जाईबाई आणि लिफ्टवाली बस

डिलाईल रोडच्या चाळीत तळमजल्यावर राहणाऱ्या जाईबाई सावंतांना आयुष्यात फारसं काही पसंत पडलं नाही, आणि ते त्यांनी कुणापासून लपवलंही नाही. गिरणीवाल्यांसाठी खानावळ चालवायच्या तेव्हा कुणी आमटीत मीठ कमी म्हटलं, की विचारायच्या, "तुका काय आवशीन मिठागरात जन्म दिल्यान?" गिरण्या गेल्या, खानावळ गेली, मग मधुमेहाने डावा पायही गुडघ्याखालून गेला आणि चाकांची खुर्ची आली. जीभ तेवढी शाबूत राहिली.

गप्प बसायच्या त्या वर्षातून एकदाच. गणपतीला गावी जाताना. ट्रॅव्हल्सच्या बसच्या पायऱ्या उंच आणि अरुंद. मुलगा राजेश आणि त्याचे मित्र त्यांना उचलून वर न्यायचे. एकाने बगला धरायच्या, दुसऱ्याने मांड्या. लुगडं वर सरकायचं. मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, "सांभाळून रे, माल नाजूक आहे." सगळे हसायचे. जाईबाई डोळे मिटून घ्यायच्या आणि कणकवली येईपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत.

मुलगी सीमा मँचेस्टरला नर्स. तिने आईला महिनाभर बोलावून घेतलं आणि एका शनिवारी तळ्यांच्या मुलखात फिरायला नेलं, टुरिस्ट बसने. बस बघताच जाईबाईंनी नाक मुरडलं. "ही काय गाडी? ह्यो तर दवाखानो!" पांढरीफटक, काचा छतापर्यंत, आणि एकही उघडत नाही. सामान सगळं खाली पोटात. संडास मधल्या दारापाशी पायऱ्या उतरून, विहिरीत असावा तसा. ड्रायव्हर एक गोरी बाई, आणि बॅगाही तीच चढवतेय.

आता आपल्याला उचलणार, म्हणून जाईबाईंनी सवयीने डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर बसच्या कुशीत एक रुंद दार उघडलेलं, त्यातून लोखंडी फळी बाहेर येऊन जमिनीला टेकलेली. बाईने खुर्ची फळीवर घेतली, काहीतरी विचारलं.

"तयार आहेस का, विचारतेय," सीमा म्हणाली.

जाईबाईंना असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी मान हलवली. खुर्चीसकट त्या वर गेल्या. आत दोन सीटा रुळावरून सरकवून जागा केलेली होती. बाईने चाकं पट्ट्यांनी जखडली, आडवा पट्टा बांधला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. कुणी वळून बघितलं नाही. कुणी हसलं नाही.

वाटेत बाईने गाडी थांबवली. ठरलेले तास चालवून झाले, आता विश्रांती घेतल्याशिवाय कायद्याने पुढे जाता येत नाही म्हणे. "आमचो ड्रायव्हर कशेडीच्या घाटात चालत्या गाडीत तंबाखू मळता," जाईबाई कुचकट हसल्या. चहाला त्या कोमट पाणी म्हणाल्या, तळ्यांना डबकी म्हणाल्या. पण परतताना नावं ठेवायचं सोडून खिडकीला डोकं टेकून बसल्या. सीमाने विचारलं, "काय गं?" तर म्हणाल्या, "काय नाय. इतकी वर्षां मी गाढवांच्या हाती होतंय."

मुंबईत उतरल्या त्याच आठवड्यात त्यांनी राजेशला धारेवर धरलं: गावच्या बसलाही तसलीच लिफ्ट हवी. राजेश शिवडीला बसची बॉडी बांधणाऱ्या गॅरेजात वेल्डर. कोकणची ट्रॅव्हल्स चालवणारा माधव तिथेच नवी बस बांधून घेत होता. जाईबाई खुर्चीत बसून गॅरेजात हजर झाल्या.

"आजी, लिफ्ट कशाला? पोरं आहेत ना उचलायला!" माधव म्हणाला.

"मी काय भाताची गोण आसंय? तुझ्या बापाशीक असो उचल चार लोकांत."

माधव आधी चिडला, मग त्याचं डोकं चाललं. लंडनसारखी बस! लिफ्ट बसली, लालबागला नारळ फुटला, जाईबाईंना लिफ्टवर बसवून हार घालून फोटो काढला. फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला.

आणि गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी जाईबाई बसपाशी पोचल्या, तर खुर्चीच्या जागेत मखरांचे खोके रचलेले, आणि लिफ्टवरून कुणाचा तरी फ्रिज वर चाललेला.

"आज गर्दी आहे, आजी," माधव नजर चुकवत म्हणाला. "पोरं पटकन उचलतील. ए, या रे!"

जाईबाईंनी खुर्ची वळवली, बसच्या नाकासमोर नेली आणि ब्रेक लावला. मागे टेम्पो, टॅक्सी, बेस्टची बस, सगळ्यांचे भोंगे सुरू झाले. खिडक्यांतून माणसं ओरडू लागली. "ओ आजी, गणपती आणायचाय आम्हाला! बाजूला व्हा ना!"

"आणा ना! माझ्या अंगावरसून न्या गाडी! फोटो काढूक मी व्हयी, आणि बसूक फ्रिज?"

राजेश लाजेने खाली बघत होता. "आये, चल गो, लोक बघतायत."

"बघू देत. माका उचलतत तेव्हा बघीत नसत?"

राजेशने मान वर केली. मग बसमध्ये शिरला आणि पहिला खोका खाली उतरवला. दुसरा उतरवताना बसमधली एक बाई मदतीला उठली, मग तिचा नवरा. माधव "अरे, अरे" करत राहिला. शेवटी फ्रिज फुटपाथवर आला आणि जाईबाई लिफ्टवर. लिफ्ट करकरली, मध्येच गचका खाऊन थांबली, मग वर गेली.

"थयली लिफ्ट गुपचूप वर जाय," त्यांनी मुलाला सुनावलं. "हिका वंगण घाल."

कणकवलीपर्यंत त्या शेजारच्या बाईशी अखंड बोलत होत्या, बहुतेक माधवच्या खानदानाविषयी.

पुढच्या मोसमात माधवने ती जागा मोकळी ठेवली, कारण अशाच म्हाताऱ्यांची आणखी दोन घरं आधीच विचारून गेली होती. गावी त्यांची वहिनी म्हणाली, "जाईबाय, माधवाचे आभार तरी मानलंस?"

"आभार?" जाईबाई म्हणाल्या. "दारातसून आत जाऊचे आभार कसले गो?"