एल्वीचं पिळणीचं मशीन

एल्वी नोस्के चौऱ्याण्णव वर्षांची होऊन गेली. मागे उरलं ते पीटरबरो गावातलं दगडी घर, परसातली पत्र्याची शेड आणि त्या शेडमधला साठ-सत्तर वर्षांचा पसारा. लेक कोराली त्याच गावात, तीन गल्ल्या सोडून राहायची. मुलगा लायल ॲडलेडला. पसारा दोघांनी मिळून काढायचा असं ठरलं आणि मार्चअखेरीस, तिकडचा उन्हाळा संपून ऊन जरा उतरल्यावर, लायल पिकअप घेऊन आला.

दुपारपर्यंत काम मजेत चाललं होतं. पत्र्याचे डबे, मोडक्या खुर्च्या, बाबांच्या वेळची सायकल. मग कोपऱ्यातली ताडपत्री लायलने ओढली आणि तो जागच्या जागी थांबला. खाली धुण्याचं मशीन होतं. चार चाकांवर उभं गोल पांढरं पिंप, आत मधोमध रवी, आणि वर एका खांबावर पिळणी, म्हणजे एकावर एक फिरणारे दोन रबरी रूळ. ओला कपडा त्यांच्यामधून घातला की पलीकडे पिळून बाहेर पडे.

"हे आधी टाकू," लायल म्हणाला. "धर तिकडून."

"नको."

"कोरी, बाकी काय हवं ते ठेव. हे कचरा डेपोत जाऊ दे."

"मला ते चालू करून बघायचंय."

लायलने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या डाव्या हाताकडे. "तुलाच? सगळं गाव सोडून तुला?"

"मलाच. माझं आणि त्याचं जुनं आहे."

त्या दिवशी तो चहाला न थांबता गेला, आणि पिकअप अर्धी रिकामीच होती.

कोरालीचा डावा हात त्या मशीनने नेला नव्हता, पण फारसं काही ठेवलंही नव्हतं. ती सहा वर्षांची होती. जानेवारीतला सोमवार, शाळेला सुट्टी. आई पिळणीतून चादरी घालत होती आणि ही बाजूला बादलीवर उभी राहून रुमाल घालत होती. रुमालाबरोबर बोटं गेली, बोटांमागून मनगट, मग कोपर. तिला आठवायचा तो फक्त आईचा ओला एप्रन, तोंडावर दाबलेला. पुढे आगगाडीने ॲडलेड, तिथल्या हॉस्पिटलात नऊ आठवडे, मांडीची कातडी काढून हाताला. दोन बोटं त्यानंतर पुरती कधी मिटली नाहीत.

अशा वेळेसाठी पिळणीच्या डोक्यावर एक लाल पट्टी असते. तिच्यावर थाप मारली की वरचा रूळ उडून मोकळा होतो. एल्वीने ती मारली नाही. घाबरली, हातपाय गाळून बसली, शेवटी कशीबशी भिंतीतली वायर उपटली. घरात हे असंच सांगितलं जायचं. बाबा, हर्टल नोस्के, रेल्वेच्या वर्कशॉपात बॉयलरमेकर, कोणी विचारलं तर तेच म्हणायचे, "बायकोचं डोकंच चाललं नाही हो त्या वेळी." आई समोर असायची. ती ऐकून घ्यायची आणि कपबशा आवरायला लागायची. गावातही तेच झालं. एल्वी नोस्के ही बाई स्वभावाने चांगली, पण वेळेला उपयोगाची नाही.

सतराव्या वर्षी कसल्याशा नाचाला जायचं होतं आणि बिनबाह्यांचा झगा आईने घालू दिला नाही. तेव्हा कोरालीने तोंडावर सांगितलं होतं, "तुला एक पट्टी दाबता आली असती तर मला लपवायला लागलं नसतं." आई म्हणाली, "खरं आहे." एवढंच. त्यावर माफी मागायची राहूनच गेली. आधी लाज वाटली म्हणून, मग फार वर्षं झाली म्हणून.

मशीन तिने दोन पोरांना शेजारून बोलावून आपल्या मागच्या पडवीत आणवलं आणि जुनी चादर अंथरून कामाला लागली. गावच्या हायस्कुलात तिने एकतीस वर्षं शिवण शिकवलं होतं. वर्गातली अठरा मशिनं ती स्वतःच उघडायची, कारण ॲडलेडचा मेकॅनिक येईपर्यंत सत्र संपत असे. त्यामुळे पाना-पक्कड तिला परकी नव्हती. तिची रीत ठरलेली: प्रत्येक भाग काढला की त्याचा फोटो, मग चिठ्ठी लावून मफिनच्या ट्रेमधल्या एकेका वाटीत.

रवी खाली अशी घट्ट बसली होती की हलेना. तिच्या बुडात साबणाचा दगड झाला होता. आठ दिवस रोज सकाळी उकळतं पाणी आणि व्हिनेगर ओतायचं, दुपारी हलवून बघायचं, असा नेम चालला. नवव्या दिवशी ती 'टक्' करून सुटली. गिअरबॉक्समधलं ऑइल डांबरासारखं झालं होतं. ते चमच्याने काढलं. दाते शाबूत निघाले. पिंपाचा मुलामा मात्र दोन ठिकाणी उडाला होता आणि खाली गंज धरला होता. तो घासून तिने भरून काढला. पांढरा रंग काही जुळला नाही. नाही तर नाही.

विजेच्या कामाला तिने हात लावला नाही. त्यासाठी शेजारचा मर्व्ह टीग आला. रेल्वेतून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन, लायसन अजून चालू. त्याने मागचं झाकण काढलं आणि वायरला बोट लावलं तसं वरचं रबर बिस्किटासारखं गळून पडलं.

"हे चालू केलं असतंस तर थेट आईकडेच पोचली असतीस," तो म्हणाला.

"ती म्हणाली असती, आलीस का इथेही माझं धुणं बघायला."

"मोटर बरी आहे. वायर सगळी नवी. आणि पायाला अर्थिंग. ते केल्याशिवाय पिनसुद्धा घालायची नाही, सांगून ठेवतो."

"मी कधी घातली?"

"मागच्या वर्षी टोस्टरला कोण चिकटलं होतं?"

मर्व्हला तीन दुपारी लागल्या. बदल्यात त्याने जर्दाळूच्या मुरंब्याच्या दोन बरण्या नेल्या आणि तिसरी मागून घेतली.

पिळणीला कोरालीने सगळ्यात शेवटी हात घातला. मुद्दाम नव्हे, पण आधी दुसरं काही ना काही निघत राहिलं. रुळांचं रबर दगड झालं होतं. दोन्ही रूळ तिने क्वीन्सलँडमधल्या एका माणसाकडे नवं रबर चढवायला पाठवले. मग राहिलं पिळणीचं डोकं. लाल पट्टी दाबून बघितली, हलली नाही. गंज असेल म्हणून तेल सोडलं. दुसऱ्या दिवशीही हलली नाही. मग तिने पट्टीच्या खालच्या खोबणीतलं काळं वंगण रॉकेलच्या फडक्याने पुसायला घेतलं. पुसता पुसता फडकं कशात तरी अडकलं.

तार होती. कुंपणाची साधी जाड तार, पट्टीच्या बुडातून घेऊन खाली चौकटीला तीन वेढे दिलेली, शेवट पक्कडने दाबून आत वळवलेला, कुणाला बोचू नये म्हणून. तीन वेढे, आणि तिन्ही उलटे.

हर्टल नोस्के डावखुरा होता. त्याने पिळलेली तार कुठेही ओळखू यायची. कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला होती, टाकीच्या नळाला होती. पोरं हसायची, बाबांची तार उघडायची तर डोक्यावर उभं राहायला हवं.

कोराली पडवीतल्या स्टुलावर बसली. अपघातानंतर ते मशीन कोणी वापरलं नव्हतं. बाबांनी त्याच आठवड्यात ते शेडमध्ये ढकललं, आणि आई पुढची आठ वर्षं विटांच्या चुलीवरच्या तांब्याच्या हंड्यात कपडे उकळून हाताने पिळत राहिली. म्हणजे तार आधीची. म्हणजे पट्टी दाबून उपयोग नव्हता. कोणीही दाबली असती तरी.

तिने लायलला फोन लावला.

"पट्टी बांधलेली आहे," ती म्हणाली.

तिकडे लायलच्या मागे क्रिकेटची कॉमेंटरी चालली होती, ती बंद झाली.

"तू मशीन टाकायला निघाला होतास, ते यासाठी?"

"हो."

"तुला कधीपासून माहीत?"

"पक्कड मीच धरून दिली होती बाबांना," लायल म्हणाला. "अकरा वर्षांचा होतो. त्यांच्या कामावर घालायच्या डांगऱ्या जाड असायच्या ना, ग्रीसने कडक झालेल्या, वर पितळी बटणं. रुळात गेल्या की पट्टी आपोआप उडायची. दर सोमवारी चार-पाचदा. आई वैतागायची. मग त्यांनी बांधून टाकली. आईने विचारलं होतं, वेळेला सुटेल ना? तर म्हणाले, वेळ कशाला येतेय."

"आणि त्या दिवशी?"

"मी लाकडं फोडत होतो. धावत आलो तोवर तिने वायर उपटली होती आणि रूळ दाबून धरणारा वरचा स्क्रू हाताने उलटा फिरवत होती. तुला सोडवलं तिनेच. नंतर तिचा तळहात बघितला मी. काळानिळा झाला होता, कोरी. पट्टीवर मारून मारून. बांधलीय हे माहीत असून मारत होती."

"मग बोलली का नाही?"

"बाबांनी मला सांगितलं, घरातलं घरात. मी आईला एकदा विचारलं. ती म्हणाली, त्यांना रोज कामावर जायचंय, चार माणसांत उभं राहायचंय. मी घरातच असते." मग म्हणाला, "बाबा नऊही रविवार आगगाडीने तुझ्याकडे यायचे. तुझ्या कॉटशी बसून राहायचे. मला वाटायचं, ही त्यांना शिक्षाच आहे."

"आणि आईला कसली?"

कोरालीने फोन ठेवला.

चार दिवस ती पडवीत गेली नाही. कपाटं आवरली, गुलाब छाटले. बाबांवर रागवावं म्हटलं तर ते जाऊन बेचाळीस वर्षं झालेली. कॉटशी बसलेले बाबा तिला आठवत होते; संत्रं सोलून एकेक फोड तिच्या उजव्या हातात द्यायचे. तो माणूसही खरा होता. आणि घरी येऊन चारचौघांत 'बायकोचं डोकंच चाललं नाही' म्हणणाराही तोच. दोन्ही एकत्र बसवायला तिला जमलं नाही, तेव्हा तिने ते तसंच ठेवलं. पण 'खरं आहे' म्हणणारी आई काही डोळ्यांपुढून हलेना. सतरा वर्षांच्या पोरीला एका वाक्यात गप्प करता आलं असतं तिला. तिने तसं केलं नव्हतं.

पाचव्या दिवशी तिने पक्कड घेतली आणि तार कापली.

क्वीन्सलँडहून रूळ आले. मर्व्हने पिन घातली, बटण दाबलं, आणि मोटर खोकून चालू झाली. रवी डावीकडे-उजवीकडे फिरायला लागली तसा साबणाचा फेस चढला. कोरालीने एक जुना टॉवेल गुंडाळून लाकडी चमच्याने रुळात सरकवला आणि तो अर्धा गेल्यावर लाल पट्टीवर थाप मारली. खाड्कन वरचा रूळ उडाला. तिने तो बसवला, टॉवेल घातला, पुन्हा मारली. असं सात-आठ वेळा.

"पुरे," मर्व्ह म्हणाला. "सुटतेय. किती मारशील?"

"अजून एकदा."

पुढच्या शनिवारी लायल आला. तिने त्याच्या हातात तार ठेवली. त्याने ती उलटसुलट करून बघितली.

"सांगायला हवं होतं मी," तो म्हणाला. "आई असताना तरी."

"हो, हवं होतंस."

"आता बोलणार नाहीस का माझ्याशी?"

"बोलतेय की. चादरी भिजवल्यात, त्या पिळायला लाग. चमच्याने घाल, हाताने नाही."

त्या दिवशी दोघांनी आईच्या कपाटातल्या सगळ्या चादरी धुतल्या. लायल सोमवारपर्यंत राहिला.

ऑक्टोबरात गावच्या इतिहास मंडळाने जुन्या वस्तूंचा दिवस ठेवला आणि कोरालीला मशीन घेऊन यायला सांगितलं. टाऊन हॉलच्या आवारात तिने पिंप भरलं आणि धुणं लावलं. शाळेतली पोरं बघून गेली, बायका उभ्या राहिल्या. थेल्मा पेंगिली वॉकर ढकलत आल्या. वय एक्क्याण्णव, एके काळी नोस्क्यांच्या समोरच राहायच्या.

"हेच का ग ते?" त्यांनी विचारलं.

"हेच, मिसेस पेंगिली."

"बिचारी एल्वी. त्या दिवशी हातपायच गळाले तिचे."

"नव्हते गळाले," कोराली म्हणाली. आवाज चढवला नाही, पण बाजूच्या बायकांना ऐकू गेलं. "पट्टी बांधलेली होती. बाबांनी तारेने बांधली होती, डांगऱ्यांसाठी. आईने मारली, हात काळानिळा होईपर्यंत मारली. ती सुटणारच नव्हती."

मिसेस पेंगिलींनी वॉकर मशीनजवळ ढकलला. रवी फिरत होती.

"आमचीही बांधलेली होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पट्टी. माझ्या नवऱ्याने, आल्फने, बांधली होती. मॅकिननकडे होती, पलीकडच्या त्या रॉसीकडे होती. वर्कशॉपातल्या माणसांच्या घरी सगळीकडे तेच. त्याशिवाय डांगरी पिळली जायची नाही." त्यांनी वॉकरच्या मुठी घट्ट धरल्या. "तुला आगगाडीत घातलं त्याच दिवशी मी आल्फला पक्कड दिली आणि म्हटलं, माझ्यादेखत काप. त्या आठवड्यात आख्ख्या गल्लीतल्या तारा गेल्या."

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

"अंदाज होता, पोरी. विचारलं कोणी नाही. विचारलं असतं तर आपापल्या नवऱ्यांचंही निघालं असतं ना." त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा एल्वी घाबरली म्हणणं सोपं होतं. मीही म्हटलं. आत्ताही म्हटलंच की."

बाजूची एक बाई उगाच पर्स उघडून बघायला लागली.

"बसता का?" कोराली म्हणाली. "खुर्ची आणते."

"बसते. आणि ती उशीची खोळ दे इकडे, मी घालते आत. माझे हात अजून चालतात."

"चमच्याने, मिसेस पेंगिली."

"माहीत आहे मला," म्हातारी म्हणाली आणि चमचा घेतला.