सून 'नो, थँक यू' म्हणाली तेव्हा

"थांबवा, बाई! हितं कायतरी गोम हाय." हात वर करून एवढं म्हटल्याशिवाय आमच्या हवालदारांचा एकही इंग्रजी सिनेमा पुढं सरकला नाही.

फौजेतून निवृत्त होऊन ते मलकापुरात आमच्या शेजारी राहायला आले. मी हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई, त्यामुळे दर रविवारी दुपारी माझ्या टीव्हीसमोर त्यांची शिकवणी. तुम्ही म्हणाल, या वयात कशाला? तर मुलानं परदेशात तिकडच्याच मुलीशी लग्न केलं होतं. रागाच्या भरात हवालदार दोन वर्षं त्याच्याशी बोलले नव्हते. आता राग निवळला होता आणि दिवाळीत दोघं पहिल्यांदाच घरी येणार होती. "पोरगी हितनं नाराज होऊन गेली, तर पोरगाबी गेलाच म्हणायचा," ते म्हणत. म्हणून ही सगळी मरमर.

फौजेत राहिल्यामुळे शब्दांचं त्यांना फारसं अडायचं नाही. अडायचं ते माणसांपाशी. नायकाला गोळी लागलेली, शर्ट रक्तानं भिजलेला, मैत्रीण विचारते कसा आहेस, तर हा म्हणतो, "आय ॲम फाइन." लगेच हात वर. "फाइन कुठला? आमच्यात नुसती शिंक आली तरी माणूस चार घरं सांगत फिरतंय!" मी जन्मभर फळ्यावर 'हाऊ आर यू' लिहिलं, पण याला काय उत्तर देणार, कपाळ?

एका सिनेमात नवरा चहा दिल्याबद्दल बायकोला थँक यू म्हणाला. हवालदारांनी घरी जाऊन बायकोवर तोच प्रयोग केला. काकूंनी कपबशी खाली ठेवली आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. "आवं, बरं वाटत न्हाई का?"

मग एकदा सिनेमात जेवणाचा प्रसंग आला. यजमानीण विचारते, आणखी वाढू का? पाहुणा म्हणतो, "नो, थँक यू." आणि ती भांडं उचलून चालती होते! हवालदार खुर्चीतून उठलेच. "येकदाच इचारलं? उपाशी मारलं की वो त्याला!" मी मोठ्या तोऱ्यात समजावलं, "त्यांच्यात नको म्हणजे नको. आग्रह केलेला त्यांना खपत नाही." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आणि मी खूश, विद्यार्थी हुशार आहे म्हणून.

दिवाळीत सून आली. हसरी, मोकळी पोर. पहिल्याच जेवणाला पुरणपोळी होती, मीही होते. काकू दुसरी पोळी घेऊन पुढं झाल्या. "नो, थँक यू," सून म्हणाली. हवालदारांनी डोळ्यांनीच काकूंना मागं फिरवलं आणि माझ्याकडं बघून मान डोलावली. तीन दिवस प्रत्येक जेवणाला हेच. काकूंचा जीव तुटत होता, पण हुकूम म्हणजे हुकूम. मुलाला वाटलं, हिला तिखट सोसत नसेल.

चौथ्या दिवशी दुपारी मी ताक द्यायला गेले, तर सून स्वयंपाकघरात उभ्यानं गार भाकरी आणि खर्डा खात होती. मला बघून पोरीचा बांधच फुटला. नवऱ्यानं विमानातच तिला पढवलं होतं, की आमच्याकडे आधी दोनदा नको म्हणायचं, लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं, आणि आईबाबा वाढल्याशिवाय राहत नाहीत. ती नको म्हणत राहिली आणि कुणी वाढलंच नाही. तिला वाटलं, आपणच या घराला नको आहोत.

मी बाहेर येऊन हवालदारांना सगळं सांगितलं. ते ताडकन उठून आत गेले. तिला पाटावर बसवलं, स्वतःच्या हातानं पोळी वाढली आणि वर तुपाची धार धरली. "नो, थँक यू," ती रडत रडत म्हणाली. त्यांनी दुसरी वाढली. "नो!" तिसरी वाढली. मग दोघंही हसायला लागली. दारात उभी राहून मीही डोळे पुसले. लाज तर वाटतच होती, सगळी माझीच अक्कल पाजळलेली.

आता हवालदार आणि काकू तिकडंच आहेत. सुनेला दिवस गेले, तिनं स्वतः फोन करून बोलावून घेतलं. महिन्याभरासाठी गेलेली माणसं, चार महिने झाले. मला मुळीच करमत नाही. परवा व्हिडिओ कॉलवर जरा चिडूनच विचारलं, "हवालदार, येताय की नाही?"

"सून सोडंना वो, बाई."

एवढं म्हणून त्यांनी तोंड बाजूला वळवलं. मग पुन्हा फोनकडं बघून म्हणाले, "गल्लीत सांगा समद्यास्नी. सून सोडंना म्हणावं."