टायमरचे दाते

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. उज्जैनच्या एका हिंदी दैनिकात मी उपसंपादक आहे. काय घडलं ते पहिल्याच ओळीत यायला हवं, असं नव्या मुलांना शिकवतो. इथे मला ते जमत नाहीये. आधी टँकबद्दल सांगतो.

आमचं घर उज्जैनमध्येच, नानाखेडा भागात. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक होता. समुद्र इथून कुठल्या कुठे — पाणी बाबा घरीच बनवायचे, आरओच्या पाण्यात इंदूरहून आणलेलं खास मीठ विरघळवून. त्यात थोडी पोवळी, आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. टँक आईच्या हौसेचा. ती शाळेत शिकवायची, म्हणून बाबा घरातही तिला ‘मॅडम’ म्हणून चिडवायचे. ती गेल्यावर ते जोडीतल्या मोठ्या माशाला मॅडम म्हणू लागले.

आधी ती थट्टा होती. नंतर ते खुर्ची ओढून टँकसमोर बसत आणि हळू आवाजात सांगत — आज बाजारात गिलकी महाग होती, पोरगा पुन्हा न जेवता गेला, वगैरे. मासा काचेच्या डाव्या कोपऱ्यात येऊन थांबायचा. भूक लागली की मासे येतातच. पण खाणं संपल्यावरही तो तिथेच का थांबायचा? मी हॉलमधून जाताना तिकडे बघायचं टाळू लागलो.

अशा टँकमध्ये सगळं दिव्यावर असतं. उजेड कमी पडला तर पोवळी मरतात, जास्त झाला तर शेवाळ माजतं. बाबा रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. अंदाजपंचे काही करणं त्यांच्यात बसत नव्हतं. दिव्याला त्यांनी टायमर लावला होता — गोल तबकडी, कडेने बारीक दाते. ज्या वेळेचे दाते दाबाल, त्या वेळी दिवा लागतो. त्यांचे दाते दुपार ते संध्याकाळ. त्यात कधी फरक नाही.

मग मला भोपाळला बढतीची जागा मिळत होती. बाबांना एकटं ठेवता येत नव्हतं. चला म्हटलं, तर म्हणाले, “आणि मॅडमला कोण बघेल?” म्हणताना हसले नाहीत.

तुम्ही काय केलं असतं? नको, हा प्रश्न खोडतो. मी काय केलं ते सांगतो.

बाबा भाजी आणायला गेले होते. मी टायमरचे आणखी काही दाते दाबले — पहाटेचे, ते आतल्या खोलीत झोपलेले असतात त्या वेळचे. पुढच्या आठवड्यात अजून काही. मासे मारायचे नव्हते मला. टँक खराब व्हावा, बाबांना कंटाळा यावा, एवढंच. एवढंच — हा शब्द मी अजून वापरतो, बघा.

वाळूवर आधी तपकिरी थर आला. मग काच हिरवी झाली. बाबा खरवडत, दोन दिवसांत ती पुन्हा हिरवी होई. मग दगडांवर लांब, बारीक शेवाळ आलं. पंपाच्या प्रवाहात ते एका बाजूला वळायचं, परत यायचं — नदीत बुडी मारलेल्या बाईच्या केसांसारखं. त्याच्या मागून तो मासा डाव्या कोपऱ्यात यायचा. बाबांनी खाणं कमी केलं, पाणी बदललं. त्यांचं कुठे चुकतंय ते त्यांना कळेना. मी बाजूला उभा राहून बादल्या धरत होतो.

एका पहाटे ते लवकर उठले. हॉलमध्ये लख्ख उजेड. त्यांनी मला उठवलं, टायमर दाखवला.

“हे तू दाबलेस का रे?”

“नाही बाबा. साफ करताना तुमच्याकडूनच दाबले गेले असतील. हल्ली विसरता तुम्ही.”

त्यांनी तबकडीच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. “हां,” म्हणाले. “होऊ शकतं. दिमाग ठिकाणावर नाही माझं.”

इथेच थांबायला हवं होतं, नाही का? इंदूरच्या मीठवाल्या दुकानदाराने त्यांना फोनवर शेवटचा उपाय सांगितला — टँक तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवा, शेवाळ मरेल. बाबांनी टायमर काढला, दिव्याचं बटण बंद केलं आणि आईची भैरवगढच्या छाप्याची चादर टँकवर चारही बाजूंनी घातली. हॉलमध्ये कोणाला तरी झाकून ठेवल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ते बाहेर गेले. मी चादरीखाली हात घालून बटण दाबलं.

ते परतले तेव्हा चादरीतून उजेड येत होता. छाप्यातली एकेक बुट्टी पेटलेली. पिशवी हातातच ठेवून बाबा टँकसमोर उभे राहिले. मी दारातच होतो. खोटं तयार होतं.

त्यांनी विचारलंच नाही.

त्याच आठवड्यात एका रात्री बराच वेळ वीज गेली. पंप थांबला. अंधारात शेवाळही पाण्यातली हवा ओढतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळी मोठा मासा आडवा तरंगत होता. लहान त्याच्या कोपऱ्यात येऊन थांबला होता. “या माशांत मोठी मादी गेली की नरच मादी होतो,” बाबा म्हणाले, “हाच मॅडम होईल.” पण महिन्याभरात तोही गेला.

त्यानंतर बाबांनी स्कूटरची किल्ली मला दिली. गॅस पेटवणं सोडलं. दार लावलं का, हे तीनदा विचारू लागले. मग खरंच विसरू लागले. आधी काय झालं — विसरणं, की त्यावर विश्वास बसणं? डॉक्टर म्हणाले, वयाने होतं; आता घर बदलू नका. भोपाळची जागा दुसऱ्याला गेली.

टँक अजून हॉलमध्ये आहे. कोरडा, काचेवर मिठाची पांढरी रेघ. टायमर मी केव्हाच फेकला. गेल्या आठवड्यात दुपारी घरी आलो, तर टँकवर आईची ती चादर होती आणि आत दिवा लागलेला. बाबा समोर खुर्चीत.

“दिवा कोणी लावला रे?”

घरात दुसरं कोणी नव्हतं. तरी मी म्हणालो, “मी लावला, बाबा.”

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. “माझी चूक तू कशाला अंगावर घेतोस?” म्हणाले. “चांगला आहेस तू. मॅडमला सांगितलं मी.”

चादरीच्या डाव्या कोपऱ्याकडे ते बघत होते. मी दिवा बंद केला नाही.