हातरुमालाखालचा आकडा

पुण्यात स्वतःला शहाणे समजणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. पण बाकी सगळे अडाणी आहेत हे तोंड न उघडता नुसत्या भुवईने सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि दुर्दैवाने तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जावयांत ज्येष्ठ, म्हणून सासुरवाडीत पहिलं पान त्यांचं आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. आमच्याकडे आले की दाराची बेल वाजवतात आणि मी दार उघडल्यावर नमस्काराच्या आधी त्या बेलमध्ये काय बिघडलंय ते सांगतात. स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज ऐकून "बेअरिंग जाणार" म्हणतात, आणि ते आठ दिवसांत खरोखर जातं, हा त्यांचा सगळ्यात अक्षम्य गुण. त्यांच्या मते चांगला स्क्रू बुधवार पेठेत एकाच दुकानात मिळतो. त्या दुकानदाराशीही त्यांनी बोलणं टाकलेलं आहे. हवी ती वस्तू बोटाने दाखवून घेतात.

हा माणूस मी टाळला असता, पण धायरीत माझा चिक्कीचा छोटा कारखाना आहे आणि तिथलं पॅकिंगचं मशिन त्यांच्यावाचून हलत नाही. जुन्या मशिनमध्ये कॅम नावाची लोखंडाची एक वेडीवाकडी चकती फिरायची आणि तिच्या उंचवट्यांप्रमाणे वेष्टन कापणारी सुरी वर-खाली व्हायची. आता लोखंड गेलं. एक मोटर पट्टा ओढते, दुसरी सुरी चालवते, आणि त्या कॅमचा आकार सर्वो ड्राइव्ह नावाच्या डब्यात नुसता आकड्यांनी भरलेला असतो. सुरी दोन चिक्क्यांमधल्या मोकळ्या जागेत पडायला हवी असेल, तर ती पट्ट्याच्या किती अंश पुढे-मागे राहावी हे त्या डब्याला सांगावं लागतं. गूळ चिकटतो म्हणून आम्ही दर पंधरा दिवसांनी पट्टा उतरवून धुतो, आणि पट्टा उतरला की हे सगळं पुन्हा जुळवायचं. म्हणजे एकच आकडा घालायचा. तो साडूंना पाठ.

त्यासाठी ते येरवड्याहून स्कूटरवरून येत. आल्यावर चहा नाकारत, मग चहा उशिरा आला म्हणून कुरकुरत. नंतर खिशातून इस्त्रीचा हातरुमाल काढून डाव्या हाताने ड्राइव्हवरच्या तांबड्या आकड्यांवर धरत आणि उजव्या हाताने बटणं दाबत. आकडा घालून झाला की तो डब्यावरून नाहीसा होई. आम्ही सगळ्यांनी तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करायचं, असा दंडक होता.

एकदा धीर करून म्हणालो, "अहो, तो आकडा लिहून देता का?"

"आकडा घेऊन काय करणार? तोच का, हे कळायला नको?"

"मग ते समजावून सांगा."

"सांगितलं असतं. पण आपण पडलात कॉमर्सचे."

गेल्या संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र मजा झाली. वर्षाचा अर्धा माल याच दिवसांत जातो. साडू आले, रुमाल धरला, बटणं दाबली, मशिन सुरू झालं आणि सुरी प्रत्येक चिक्कीचं टोक उडवू लागली.

"चिक्की लांब झालीय तुमची," साडू म्हणाले.

मशिनवर काम करणाऱ्या सुनंदाबाई जुन्या धायरी गावातल्या. त्यांनी पट्टी लावून मोजलं. "चिक्की हाय तेवढीच हाय, भावजी. सुरीच कडंला पडतीया."

साडूंनी पुन्हा आकडा घातला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. खालच्या ट्रेमध्ये तुटक्या टोकांचा ढीग साठला. चौथ्यांदा आम्ही भिंतीकडे वळलो. मी मनात एक वाक्य घासूनपुसून तयार ठेवलं, त्यात 'कॉमर्स' हा शब्द होता. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण आला म्हणून मी भिंतीकडून तोंड फिरवलं.

रुमाल त्यांच्या खांद्यावर होता. चष्मा कपाळावर. नाक ड्राइव्हला टेकलेलं.

"जरा वाचा हो," ते हळूच म्हणाले. "मधला आकडा तीन आहे की आठ?"

"तीन. एकशे अडतीस."

"एकशे अठ्ठ्याऐंशी हवं," ते म्हणाले. सहा वर्षं रुमालाखाली जपलेला आकडा त्यांनी सुनंदाबाईंच्या देखत मोठ्याने सांगून टाकला. मी बटण दाबलं. सुरी मोकळ्या जागेत पडू लागली.

त्यांनी रुमालाची घडी घातली. "तुमच्या ड्राइव्हचे आकडे पुसट झालेत. बदलून घ्या." आकडे चांगले लखलखत होते. मग दारापाशी थांबून म्हणाले, "घरी काही बोलू नका."

माझं वाक्य तसंच राहिलं. मला वाईट वाटलं, आणि या माणसाबद्दल वाईट वाटावं याचा रागही आला.

आता पट्टा धुतला की मी त्यांना फोन करतो. "पुन्हा जुळणी घालवलीत?" ते खेकसतात. "कॉमर्सचे आम्ही," मी म्हणतो. ते येतात, चहा नाकारतात आणि रुमाल धरतात. डोळे दाखवून घ्या म्हटलं की भुवई वर जाते. रुमालाच्या आत हल्ली आम्हा दोघांची डोकी असतात. मी पुटपुटत वाचतो, ते दाबतात. सुनंदाबाईंना तो आकडा केव्हाचा पाठ झालाय. तरी त्या तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात.