तिप्पण्णाची अमावास्या

१९२८च्या सुमारास सोलापुरात एका छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवत असे. तिथं सिद्धम्मा छापील कागदांच्या घड्या घालायची. अक्षरओळख शून्य, पण कान तिखट. मुद्रितं तपासताना आम्ही मोठ्यानं वाचायचो, त्यामुळे छापखान्यातलं प्रत्येक पुस्तक तिला पाठ. आणि मत तर असायचंच!

त्या साली हिंदुराव मास्तरांची रहस्यकादंबरी निघू लागली, दरमहा एक भाग. मास्तर साताऱ्याकडचे, सोलापुरात नवखे. पहिल्याच भागात एका शेठजीचा भरदुपारी खून होतो आणि संशय येतो तिप्पण्णा विणकरावर. तो बिचारा म्हणतो, "अमावास्या होती, मी दिवसभर मागावर बसलो होतो."

भाग बाजारात गेला आणि पेठापेठांत हशा पिकला. अमावास्येला माग बंद, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिप्पण्णा खोटं बोलतोय, म्हणजे खुनी तोच. मग पुढचे भाग घ्यायचे कशाला? छापखान्यात येऊन मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"छापलेलं आता पुसता येत नाही," ते म्हणाले. "तिप्पण्णालाच फासावर चढवतो झालं."

सिद्धम्मा हातातलं काम टाकून उठली. तिचा नवरा विणकर. तिप्पण्णा तिला घरातलाच वाटायचा.

"मास्तर, खोटं बोलला म्हून लगेच खुनी व्हय? खरं सांगायची लाज वाटली आसंल की!"

"कसली लाज?"

"माग बंद आसला की आमचं मालक काय करत्यात, ठावं हाय? भाकरी थापत्यात! मी हितं कामाला, मग कोन करनार? कुनी दारात आलं की पिठाचं हात मागं लपिवत्यात."

छापखाना खो खो हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. घाईघाईनं घरी गेले.

शेवटच्या भागाचं मुद्रित मी वाचायला घेतलं तेव्हा सिद्धम्माचा चेहरा कोर्टात बसल्यासारखा. गुप्तहेराला तिप्पण्णाच्या काठवटीत, वाळलेल्या पिठावर पुरुषी बोटांचे ठसे सापडले; खुनाच्या वेळी तो घरी भाकरी थापत होता हे सिद्ध झालं आणि तिप्पण्णा सुटला. "सुटला गं बाई!" म्हणत ती चक्क रडली. तो भाग आठवड्यात संपला, पुन्हा छापावा लागला.

पुढच्या अमावास्येला दुपारी तिचा नवरा छापखान्यात आला. आम्हा सगळ्यांदेखत त्यानं तिच्यापुढं भाकरीचं फडकं सोडलं.

"म्या केल्यात," तो म्हणाला, आणि पिठाचे हात न लपवता तिथंच बसला.