म्हशीला चालतं ते गाणं

माझी नात पुण्याला शिकते. तिनं घरच्या ग्रुपवर एक खूळ काढलं. दर रविवारी ज्यानं त्यानं लिहायचं, या आठवड्यात कोणतं गाणं ऐकलं. मुलगा जुन्या सिनेमातली टाकतो, सून देवीची टाकते. नात स्वतः असली काही टाकते की गाणारी बाई रडते का हसते हेच मला समजत नाही. माझ्याकडून दर रविवारी एकच शब्द जातो. भजन.

चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला मोबाइलवर लिहायला वेळ लागतो, म्हणून आबा एवढंच लिहितात, असं पोरांना वाटायचं. तसं नव्हतं. मी भजन ऐकतच नव्हतो. एकदा नातीनं फोनवर विचारलं, "आबा, कोणतं भजन ते तरी सांगा ना," तर मला एकाचंही नाव धड आठवेना. आवाज येत नाही असं सांगून मी फोन ठेवून दिला. नातीशी खोटं बोललो याची लाज वाटली, आणि खरं सांगायची त्याहून जास्त वाटली. ते खरं आज इथं लिहितो.

माझी बायको दिवाळीनंतर वारली. घरात मी उरलो, आणि गोठ्यात तिची म्हैस आणि म्हशीची दूधपिती वगार. म्हैस तिची म्हणजे तिचीच. एवढीशी होती तेव्हापासून तिनं वाढवली आणि धार दुसऱ्या कोणाला काढू दिली नाही. आमच्याकडे धारेला बाईमाणूसच बसे. त्या वेळेला मी चहाच्या टपरीवर असायचो. परत आलो की गोठ्याच्या दाराशी आधी खाकरायचो. बाई लुगडं खोचून म्हशीखाली बसलेली असते, शेजारची कोणी दुधाला आलेली असते, एकदम घुसणं बरं दिसत नाही. माझा बापही खाकरायचा. त्याचं पाहून मी.

ती गेल्यावर थोडे दिवस सून राहिली. तिला म्हशीनं लाथ मारली. मुलाचं दुकान चिखलीला, दोघं तिकडे गेले आणि धारेला मी बसलो. म्हैस वगारीला खुशाल पाजायची. वगार ओढून बांधली आणि माझा हात सडाला लागला की पान्हा चोरायची. कास तटतटलेली दिसायची आणि दुधाच्या गंजाचा तळ भिजेल एवढंच दूध. सरकीची ढेप वाढवली, चाऱ्याचं कुटार बदललं, अंगावर हात फिरवला. ती दुसरीकडे तोंड करून उभी राहायची.

जुने लोक सांगतात, धार काढणारी बाई गेली तर तिचं लुगडं नेसून बसावं, जनावराला वास कळतो. मी नेसलो. लिहिताना आताही कान गरम होतात. म्हशीनं लुगडं हुंगलं, वर माझ्या मिशीकडे पाहिलं आणि शेणानं भरलेली शेपटी माझ्या तोंडावर हाणली. तेवढ्यात दारात शेजारीण, हातात तांब्या. ही आमच्या गल्लीतल्या गाद्या भरणाऱ्याची बायको, मुसलमानाची, माझ्या बायकोची जन्माची मैत्रीण. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

"भाऊ, मी मंग येतो," म्हणाली आणि गेली. नंतर मी ते लुगडं धुतलं. धुतल्यावर लक्षात आलं की त्यात होता नव्हता तो वासही गेला.

मग मला आठवलं, बायको धार काढताना काहीतरी म्हणायची. काय म्हणायची ते माहीत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आलो की गुणगुण कानावर यायची, दारापाशी पोचेपर्यंत बंद. म्हटलं, गाण्याचीच सवय असेल म्हशीला. तेव्हापासून मोबाइल दावणीच्या खुंटीला टांगून मी गाणी लावायला लागलो. आधी दोन दिवस भजनं लावली, म्हैस मीटिंगला बसल्यासारखी उभी. जात्यावरच्या ओव्या लावल्या, काही नाही. पोवाडा लावला तर वगार दावं तोडून पळाली. शेवटी लाज सोडून सिनेमातली लावली, ठसक्यातली, कमरेची. एका वरातीच्या गाण्याला म्हशीनं कान हलवले म्हणून ते तीन वेळा लावलं. तिसऱ्या वेळी तिनं शेण टाकलं.

मी काय ऐकत होतो ते हे. बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि माझ्या गोठ्यात सकाळ-संध्याकाळ वरात चालली होती.

गावाला कान असतात. टपरीवर एकानं सगळ्यांसमोर काढलं, "काय बुवा, गोठ्यात डीजे बसवला म्हने?"

दुसरा म्हणाला, "बसू दे ना बे. बुढी होती तं बिचाऱ्याले आवाज काढता येत नव्हता."

"म्हशीले नाचवता का खुद नाचता?"

"तुह्या मायले नाचवतो," म्हणालो मी आणि चहा अर्धा टाकून उठलो. पुन्हा त्या टपरीवर गेलो नाही. राग त्यांचा नव्हता. बाहेरून पाहिलं तर म्हातारा मोकळा सुटला असंच दिसत होतं.

मुलाचा फोन आला. "बाबा, रविवारी देऊळगाव राजाचा व्यापारी घेऊन येतो. म्हैस दाखवू, इकून टाकू."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? दूध देत नाही, तुमच्यानं होत नाही. नाही तं इंजेक्शन आणून देतो, ते टोचलं का सोडते."

"इंजेक्शनाचं नाव काढशीन तं घरात पाय ठेवू नोको."

"मंग सांगा ना काय करता? भाकड म्हैस किती दिवस पोसता?"

भाकड म्हैस व्यापाऱ्याच्या हातातून पुढे कुठे जाते हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तिच्या हातचं जितं असं ते एकच जनावर उरलं होतं. माझ्या हाताला दूध दिलं असतं तर राहिलं असतं. देत नव्हतं.

शनिवारी दुपारी मी शेजारणीकडे गेलो. लुगड्यात पाहिल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. ती ओट्यावर कापूस पिंजत होती, नवरा आत गादी शिवत होता. मी उभ्याउभ्याच विचारलं, "तुमची मैतरीण धारेच्या टायमाले काय म्हने?"

तिनं पदर तोंडाला लावला. "मले नोका इचारू भाऊ."

"म्हैस इकून राह्यला पोरगा. उद्या."

"तरी बी. शरम वाटते."

"देवाचं गाणं सांगाले शरम कायची?"

आतून तिचा नवरा हसला. "देवाचं? भाऊ, साऱ्या गल्लीले मालूम हाये. तुमालेच नाही."

"काय मालूम?"

"गाली हाये ते," शेजारीण जमिनीकडे पाहत म्हणाली. "तुमाले."

आमच्याकडे लग्नात बायका व्याह्याला शिव्या गातात, हसण्यावारी न्यायच्या असतात त्या. माझी बायको त्या चालीवर मला गात होती. स्वतः जोडून. शेजारणीनं भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात म्हणून दाखवलं.

सोड गं बाई पान्हा, माझा म्हातारा शहाणा,
जेवाले पयले बसते, कामाले करते बहाणा.

सोड गं बाई धार, माझा म्हातारा हुशार,
बैल घ्याले बाजारी गेला, आणले कासरे चार.

बैलाचं खरं आहे. उंद्रीच्या बाजारात सौदा ठरला असं समजून मी आधी कासरे घेतले, आणि बैल दुसऱ्यानं नेला. घरी कोणाला कळू दिलं नव्हतं असं मला वाटत होतं. तिसरं माझ्या केसांवर होतं. पुतणीच्या लग्नात काळे करून गेलो आणि उन्हात तो रंग सदऱ्यावर उतरला, ते. "पयले ती 'माझा मालक' म्हने," शेजारीण म्हणाली, "तुमचे केस पिकल्यावर म्हातारा केला."

"मी कधी ऐकलं कसं नाही?"

"तुम्ही खाकरता ना भाऊ! खाकरले का ती चूप. 'आला जमादार' म्हने. अन् तिच्यासंगं म्हैस बी चूप, पान्हा वरच्यावर. राह्यलेलं दूध वगारीले." मग ती पुन्हा कापसाकडे वळली. "अजून बी तुम्ही खाकरूनच घुसता. मले इथं ऐकू येते."

मी घरी आलो. शिव्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. जेवायला पहिला बसतो, त्यात खोटं काय आहे? लाज निराळीच होती. माझ्या बायकोचा गाण्याचा आवाज साऱ्या गल्लीनं ऐकला, गादीवाल्यानं ऐकला, म्हशीनं ऐकला. तिच्या घरात जन्म काढून मी ऐकला नाही. त्या संध्याकाळी म्हशीखाली बसून म्हणायला गेलो तर तोंडातून फक्त खोकला निघाला. म्हशीनं कास आवळली.

रविवारी सकाळीच मुलगा व्यापाऱ्याला घेऊन आला. म्हैस घेणारा माणूस धार पाहूनच घेतो, म्हणून दोघं गोठ्यात येऊन उभे राहिले. व्यापारी पान खात होता. मी वगार बांधली, गंज गुडघ्यात धरला. हात लावला. काही नाही.

"भाकडच हाये की हो," व्यापारी म्हणाला.

मुलगा म्हणाला, "राहू द्या बाबा. उठा."

एक तर उठायचं, नाही तर पोटच्या पोरासमोर आणि परक्या माणसासमोर तोंड उघडायचं. मी डोकं म्हशीच्या पोटाला टेकवलं, म्हणजे त्यांना तोंड दिसणार नाही, आणि म्हणालो. सोड गं बाई पान्हा. आवाज फाटका. व्यापारी पान चघळायचा थांबला ते मला न पाहता कळलं. म्हाताऱ्याचा बहाणा झाला, चार कासरे झाले, आणि हाताखाली सड भरून आले. गंजात चर्र करून पहिली धार वाजली. मी थांबलो नाही. काळे केस म्हटले, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. गंज अर्धा झाला आणि म्हशीनं मान वळवून पाहिलं. तीच कडवी तिला दोनदा नको होती. बायको रोज नवं जोडत असणार.

मला गाणं जोडता येत नाही. सुचलं ते म्हटलं.

सोड गं बाई दूध, तुह्या धन्याले नव्हती सुध,
दारात येऊन खाकरला, गाणं केलं बंद.

जुळलं नाही. म्हशीला चाललं. तिनं उरलेलं सगळं दिलं.

उठलो तेव्हा फेस गंजाच्या काठावर आला होता. व्यापाऱ्यानं बोट बुडवून पाहिलं. "म्हैस झकास हाये," म्हणाला. "पन काका, ही गाण्यासगट घ्या लागते. माह्या घरी हे गाणं चालू झालं तं माही बायको म्हशीले सोडून मलेच बांधन." आणि हसत गाडीकडे गेला.

मुलगा हसला नाही. दावणीशी उभा राहून वगारीचं दावं सोडत होता.

मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हाव. लहानपनी तिथंच तं बसून दूध प्यायचो."

"मंग सांगतलं काऊन नाही? म्हैस इकाले निघाला, पन सांगतलं नाही?"

"तुमच्यापुढं कसं म्हनू बाबा?"

माझ्या घरात माझा एवढा मान होता.

त्या दिवशी ग्रुपवर मी पहिलं कडवं लिहिलं. नातीनं हसणारी तोंडं पाठवली आणि विचारलं, "आबा, हे कुणाचं?" मी लिहिलं, आजीचं. म्हातारा मी आहे.

म्हैस आहे. माझ्या हाताला दूध देते. शेजारीण तांब्या घेऊन येते, नवं कडवं फसलं की भिंतीकडे तोंड करून हसते. गोठ्याच्या दाराशी आलो की अजून घशात खोकला येतो. मी तोंडावर हात दाबतो आणि तसाच थोडा वेळ बाहेर उभा राहतो. आत कोणी गात नसतं हे ठाऊक असतं.