आतोबांचा तिकडचा रकाना

आमच्या आतोबांइतका करांचा धसका घेतलेला माणूस सबंध कोकण किनाऱ्यावर दुसरा झाला नाही; झालाच असेल तर तो नोटीस बघून तडक समुद्रात शिरला असेल. गैरसमज नको. आतोबांनी आयुष्यात एक पै बुडवली नाही. घरपट्टी मुदतीच्या महिनाभर आधीच भरायचे. फक्त भरून आल्यावर दोन दिवस त्यांना पेजेशिवाय काही जात नसे. पावसला त्यांचं जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर. पंचायत पट्टी बसवते ती भिंती आणि छप्पर बघून, म्हणून पुढची पडवी त्यांनी हट्टाने माडाच्या झापांनी शाकारलेली ठेवली होती. झापं विणायची आत्याने आणि पावसाळ्यात पाहुण्यांनी तिथे छत्री उघडून चहा प्यायचा. ग्रामसेवक मोजणीला आला की टेपचं दुसरं टोक आतोबा स्वतः धरत आणि पोट आत ओढून, श्वास रोखून उभे राहत. जणू त्याने घर दीड फूट आक्रसणार होतं. एका वर्षी त्यांनी श्वास एवढा रोखला, की मोजणी टाकून ग्रामसेवकाला त्यांच्या तोंडावर पाणी मारावं लागलं.

परगावी गेले तरी तेच. सावर्ड्याला एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना ते वरबापाच्या कानाला लागले, "तुमची पंचायत न्हाणीघर घरात धरते की वेगळं?" वरबाप दचकला, त्याला वाटलं मुलीकडची काही अट आहे. पालीला सांत्वनाला गेले तेव्हा सगळे हुंदके देत असताना हे गंभीरपणे म्हणाले, "गेला तो सुटला. उताऱ्यावरचं नाव मात्र आधी कमी करून घ्या."

त्यांची एकुलती एक मुलगी गोव्यात, फोंड्याला दिलेली. शेजारचं लहानसं घर विकाऊ असल्याचं जावयाने कळवलं आणि आत्याचा जीव तिकडे लागला. "नात शेजारणीला आजी म्हणते रे," ती मला म्हणाली, "आणि मी कोण, तर भिंतीवरच्या फोटोतली बाई." पावसचं घर आणि कलमं मी बघायची, दोघांनी तिकडे जायचं, इतकं सोपं होतं. पण आतोबा म्हणाले, "आधी दोन्ही राज्यांचे कर ताडून बघू."

हे ताडून बघणं तीन वर्षं चाललं! जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने पडले: इकडे आणि तिकडे. गोव्यातल्या पंचायतींना, उत्तराचं कोरं कार्ड सोबत असलेली जोडकार्डं गेली. आतोबांचं गणित असं, की तिकडे पेट्रोल स्वस्त, दारू स्वस्त, लग्नाचा कायदासुद्धा पोर्तुगिजांच्या वेळचा. मग आयकर तरी आपल्यासारखा कसा असेल? गोव्याहून कोणी आला की त्याला अंगणातच गाठायचे. तो बिचारा आंबे न्यायला आलेला. सुटका व्हावी म्हणून तोंडाला येईल तो आकडा सांगे. आतोबा तो तिकडच्या रकान्यात मांडत.

शेवटी आत्या म्हणाली, "एक तर विचारून या, नाहीतर मी एकटी जात्ये." कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. कॅलेंडरची सुरळी काखेत मारून आम्ही तिघं फोंड्याला एका कर सल्लागारापुढे जाऊन बसलो.

त्याने सुरळी उलगडली, दोनदा वाचली आणि चष्मा काढला. "काका, आयकर दिल्लीचो. पावसलाय तोच, हांगाय तोच."

"म्हणजे... सबंध देशात?"

"सबंध."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून!"

मी आतोबांना पुरात बाग वाहून गेलेली बघताना पाहिलंय. तेव्हाही त्यांचा चेहरा एवढा पांढरा नव्हता. तीन वर्षांचा तिकडचा रकाना एका वाक्यात धुऊन निघाला. सल्लागाराला दया आली असावी. तो म्हणाला, "एक फरक आसा. इथल्या जुन्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी निम्मी. भाडं, व्याज, आयकरात तेही दोघांत अर्धं अर्धं मांडतात. पण तो कायदा गोंयकारांना. तुम्हाला नाही."

‘पण’ ऐकायला आत्या थांबलीच नव्हती. "निम्मं? माडसुद्धा?"

"माडसुद्धा."

"अगो, आपल्याला लागू नाही ते!" आतोबा ओरडले.

"लागू नाही म्हणजे काय? चाळीस वर्षं ती झापं मी विणत्येय. माझा निम्मा भाग आजपासून इथे लेकीकडे राहील. तुमचा तुम्ही पावसला न्या."

आणि ती राहिली! आम्ही दोघंच परतलो. सावंतवाडी गेली, कुडाळ गेलं. कणकवलीला आतोबा एकदम म्हणाले, "निम्मं रे?" थेट राजापूरला पुन्हा, "माडसुद्धा?"

दोन महिन्यांनी मी पावसला गेलो आणि फाटकातच थिजलो. पडवीवर नवीकोरी कौलं! ग्रामसेवक टेप गुंडाळत होता आणि आतोबा पोट सुटं सोडून खुशाल उभे होते. शेजारी बांधलेली ट्रंक. त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. घराचा उतारा. त्यावर दोन नावं, दुसरं आत्याचं.

"आतोबा, तो कायदा आपल्याला लागू नाही ना?"

"नाही ना," ते ट्रंकेचं कुलूप ओढून बघत म्हणाले, "म्हणून तर अर्ज करावा लागला."

फोंड्याला ते सहा वर्षं राहिले. नात शाळेत त्यांची ओळख ‘आजोबा’पेक्षा ‘घरपट्टी’ म्हणूनच करून देत असे. आता आतोबा नाहीत. पावसची पट्टी मी भरतो. एक नाव कमी करायला हवं, असं ग्रामसेवक दरवर्षी सांगतो, मी आत्याला फोन करतो आणि ती दरवर्षी म्हणते, "राहू दे रे." मध्ये पुन्हा मोजणी झाली. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. काही कारण नव्हतं, तरी पोट आपोआप आत गेलं.